‘साई’ या नावाची कैफियत

शिर्डी गावाच्या वेशीवर खंडोबाचे जे लहानसे देऊळ आहे, तेथे सुमारे १८५८ साली धूपखेड्याच्या चांद पाटलांचे वऱ्हाड येऊन उतरले, त्या वऱ्हाडाच्या गाडीतून एक तरुण फकीर पायउतार झाला, आणि देवळाचे पुजारी म्हाळसापती, जे जातीने सोनार आणि वृत्तीने निस्सीम खंडोबाभक्त होते, त्यांनी त्या अनोळखी तरुणाला ‘आओ साई’ अशी साद घातली, ही हकीकत शिर्डीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. त्या सादेपूर्वी त्याला कोण काय म्हणत असे, हे त्या तरुणाने पुढील साठ वर्षांत प्रकट केले नाही. ना बारसे, ना पत्रिका, ना कुळाची परंपरा. आल्या पाहुण्याला आदराने उच्चारलेले एक संबोधन, आणि तेच त्याचे आमरण नाव झाले. माणसाला अगोदर नाव मिळते व मग त्या नावाने त्याला हाक मारली जाते, हा लोकव्यवहाराचा क्रम आहे. शिर्डीत अगोदर हाक आली आणि तिचे नाव झाले.

ज्या जिल्ह्याचे स्वतःचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्या जिल्ह्यात नावांविषयी बोलणे सध्या नाजूक झाले आहे, याची जाणीव ठेवूनच मी या एका नावाची कैफियत मांडतो आहे. कारण हे नाव आज देवाचे आहे, माणसाचे आहे, रेल्वेस्थानकाचे आहे, पतपेढीचे आहे, आणि दक्षिणेकडील सहस्रावधी मुलामुलींच्या नावातला पहिला शब्द म्हणूनही ते नांदते आहे; आणि ज्या एका गुणामुळे ते एवढे अर्थ वाहू शकले, तो गुणच काढून घेण्याची घाई अलीकडे पुष्कळांना झालेली दिसते. त्या घाईला माझा विरोध आहे.

म्हाळसापतींनी ‘साई’ म्हटले तेव्हा त्यांच्या मनात कोणता अर्थ होता? कोशकार ‘साईं’ हा शब्द संस्कृत ‘स्वामी’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला मानतात, आणि उत्तरेकडील संतांनी परमेश्वराला याच नावाने आळविले आहे. सिंध प्रांतात तो आजही थोरामोठ्यांना आदराने लावावयाचा शब्द आहे. दुसरे काही अभ्यासक त्याचा संबंध अरबी ‘साइह’, म्हणजे भ्रमण करणारा विरक्त, या शब्दाशी जोडतात, आणि दख्खनच्या वाटांवर झोळी घेऊन हिंडणाऱ्या फकिरांना लोक साई म्हणत, हेही खरेच आहे. पहिल्या व्युत्पत्तीने तो धनी ठरतो, दुसरीने तो ज्याच्या मालकीचे काहीही नाही असा वाटसरू ठरतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मला स्वतःला पहिली व्युत्पत्ती अधिक बळकट वाटते. परंतु शब्दाचे मूळ सिद्ध झाले म्हणून खंडोबाच्या त्या पुजाऱ्याच्या मनातील आशय सिद्ध होतो असे नाही. याच म्हाळसापतींनी, आलेला माणूस मुसलमान दिसतो म्हणून, त्याला खंडोबाच्या देवळात मुक्काम करण्यास आरंभी हरकत घेतली होती, अशीही आठवण चरित्रकारांनी नोंदविली आहे. म्हणजे ज्याने देवळाचा उंबरा अडविला, त्यानेच नाव दिले. आणि पुढे तेच म्हाळसापती मशिदीत त्या फकिराच्या शेजारी अंथरूण घालून वर्षानुवर्षे निजत असत. नावाचा अर्थ देणाऱ्याच्याच ठायी कसा पालटत गेला, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

नावाचा धनी स्वतः या बाबतीत काय म्हणत होता, हे पाहण्यासाठी चरित्रग्रंथांत आलेली एक जबानी फार उपयोगी आहे. धुळ्याच्या न्यायालयात जडजवाहिराच्या चोरीचा एक खटला चालू असता आरोपीने हे जवाहीर आपणास साईबाबांनी दिले असे सांगितले, तेव्हा साक्षीसाठी बाबांवर समन्स निघाले. एवढ्या पूज्य माणसाला न्यायालयात खेचू नये म्हणून भक्तमंडळींनी खटपट केली, आणि शेवटी कमिशन नेमून शिर्डीतच त्यांची साक्ष घेण्याचे ठरले. सरकारी रिवाजाप्रमाणे प्रथम नाव विचारले गेले, तेव्हा लोक मला साईबाबा म्हणतात, असे उत्तर आले. बापाचे नाव विचारले, तर तेही साईबाबाच. गुरूचे नाव वेंकुसा, पंथ कबीर, जात परवरदिगार, आणि वय लक्षावधी वर्षे. आपल्या महसुली आणि न्यायदानाच्या दप्तरात माणसाची ओळख ज्या रकान्यांनी बांधली जाते, ते सगळे रकाने या उत्तरांनी भरले गेले, आणि तरीही लेखनिकाच्या हाती अशी एकही गोष्ट लागली नाही की जिच्यावरून या माणसाला एका गावाचा, एका जातीचा किंवा एका धर्माचा म्हणता यावे. त्या पहिल्या उत्तरातील शब्दयोजनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. माझे नाव अमुक, असे ते म्हणत नाहीत. लोक मला तसे म्हणतात, असे म्हणतात. नावाची मालकी त्यांनी लोकांकडेच राहू दिली.

जो स्वतःच्या नावाविषयी इतका निरिच्छ, तो इतरांना मात्र मोठ्या उदारतेने नावे देत असे, हा शिर्डीच्या वृत्तांतातला अत्यंत मनोहर भाग आहे. ज्या पडक्या मशिदीत ते राहत, तिला त्यांनी द्वारकामाई म्हटले, आणि मशीद, श्रीकृष्णाची नगरी व आई या तीन गोष्टी एका नावात नांदू लागल्या. शिर्डीच्या माधवराव देशपांडे यांना त्यांनी श्यामा केले. वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट गोविंद रघुनाथ दाभोलकर, ज्यांनी पुढे श्रीसाईसच्चरित हा ओवीबद्ध ग्रंथ सिद्ध केला, ते पहिल्यांदा शिर्डीस आले त्याच दिवशी गुरूची आवश्यकता आहे काय या विषयावर एका सोबत्याशी हिरिरीने वाद घालून बसले होते. त्या वादाची वार्ता कोणी दिली नसताना बाबांनी या ‘हेमाडपंतां’चे काय म्हणणे होते, अशी पृच्छा केली, आणि देवगिरीच्या यादवांचा महामंत्री, चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता, ज्याच्या नावाने महाराष्ट्रातील दगडी देवळे ओळखली जातात, त्या हेमाद्रीचे नाव सहाशे वर्षांनंतर वांद्र्याच्या एका सरकारी अधिकाऱ्याला चिकटले. दाभोलकरांनी ते आपल्या अहंकारावरील शस्त्र म्हणून शिरोधार्य मानले आणि ग्रंथात त्याच नावाने आपली मुद्रा घातली. पुण्याचा एक तरुण इराणी, मेरवान शेरियार, १९१५ साली शिर्डीस आला, तेव्हा त्याच्याकडे पाहून बाबांनी ‘परवरदिगार’ असा उद्गार काढला, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे; तोच तरुण पुढे मेहेरबाबा या नावाने नगरजवळच्या अरणगाव येथे स्थिरावला आणि मेहेराबाद हे जगभरच्या भक्तांचे क्षेत्र झाले. साक्षीत जो शब्द जातीच्या रकान्यात आला, तोच येथे एका तरुणाच्या मस्तकी आशीर्वादासारखा ठेवला गेला. शब्दांना इतके मोकळे सोडणारा पुरुष माझ्या वाचनात विरळाच आला आहे.

मात्र हे सगळे आकाशातून पडले असे समजण्याचे कारण नाही. या जिल्ह्याच्या मातीत तशी वहिवाट पूर्वापार आहे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे ज्यांना नाथपंथी कानिफनाथ म्हणून पूजितात, त्यांनाच मुसलमान भाविक शाह रमजान या नावाने मानीत आले, आणि ‘कानोबा’ या घरगुती नावाने दोघेही त्यांना ओळखीत. श्रीगोंदे येथील शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ रचला. मालोजीराजे भोसल्यांच्या आश्रयाशी त्यांचा संबंध सांगितला जातो, वारकरी त्यांना संतमालिकेत गणतात, आणि त्यांच्या नावातला शेखही गळत नाही की संतही गळत नाही. अशा मुलखात एखाद्या उंबऱ्याला दोन नावे असणे हे गोंधळाचे लक्षण कधीच नव्हते. दोन वाटांनी येणाऱ्या माणसांची ती सोय होती.

शिर्डीचा उरूस हे त्याचे सर्वांत सुंदर प्रमाण आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना पुत्रलाभ झाला, त्याच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १८९७ साली शिर्डीत उरूस भरविण्याचा बेत केला. गावच्या कुलकर्ण्याने प्रतिकूल अहवाल पाठविल्यामुळे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी प्रथम परवानगी नाकारली, पुढे बाबांचा आशीर्वाद मानून खटपट केल्यावर ती मिळाली, आणि बाबांच्या विचाराने उरुसासाठी दिवस नेमला गेला तो रामनवमीचा. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी चंदनाची संदल मिरवणूक सुरू केली. १९१२ साली भीष्म नावाच्या भक्ताने सुचविले की, ज्या अर्थी दिवस रामजन्माचा आहे, त्या अर्थी पाळणा बांधून जन्मोत्सवही करावा. तोही सुरू झाला, आणि एका बाजूने निशाणे निघत असता दुसऱ्या बाजूने संदल निघे. एक दिवस, दोन नावे, आणि दोहोंच्या मध्ये बसलेला एक मनुष्य, ज्याच्या स्वतःच्या नावाचा निवाडा झालेला नव्हता. निवाडा झाला असता तर हा दिवस असा साजरा होऊ शकला असता काय, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, बाबांनी देह ठेवला, आणि नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी मुरलीधराच्या मूर्तीसाठी म्हणून बांधविलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. नाव आता धन्याच्या हातून सुटले. त्याचा प्रवास वेगाने झाला. नगरजवळच्या अकोळनेरचे दासगणू, जे पोलिस खात्यातील नोकरी सोडून कीर्तनकार झाले होते, त्यांनी तर बाबांच्या हयातीतच ते नाव मुंबई-ठाण्यापर्यंत कीर्तनांतून नेले होते. १९२२ साली नगरच्या जिल्हा न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेनुसार संस्थान उभे राहिले, १९२३ पासून ‘श्रीसाईलीला’ हे मासिक निघू लागले, आणि १९५४ साली विजयादशमीलाच मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली संगमरवरी मूर्ती समाधीमागे प्रतिष्ठित झाली. ज्याला कोणी फकीर, कोणी अवलिया, कोणी दत्तावतार म्हणत असे, त्याला आता एक निश्चित मुद्रा मिळाली, आणि डोक्याला फडके बांधून, पायावर पाय टाकून बसलेली ती आकृती म्हणजेच ‘साई’, असे समीकरण भारतभर रूढ झाले.

दक्षिणेत ते नाव नेले मद्रासच्या नरसिंहस्वामींनी. मूळचे वकील असलेल्या या संन्याशाने बाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या जबान्या परिश्रमपूर्वक गोळा केल्या, मैलापूर येथे अखिल भारतीय साई समाज स्थापिला, आणि तमिळ व तेलुगू प्रांतांत साईमंदिरांची परंपरा सुरू झाली. त्याच सुमारास, १९४० साली, तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यातील पुट्टपर्थीच्या सत्यनारायण राजू या मुलाने आपण शिर्डीचेच साईबाबा पुन्हा आलो आहोत असे घोषित केले, आणि सत्य साई या रूपाने त्या नावाला अगदी निराळे वैभव, निराळे रुग्णालय, निराळे विद्यापीठ व निराळे भक्तमंडळ प्राप्त झाले. मराठी माणसाने ‘साई’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे द्वारकामाईची धुनी येते; परदेशातील एखाद्या भक्ताने तोच शब्द उच्चारला तर केशरी वस्त्रातली, विपुल केशसंभाराची मूर्ती येण्याचा संभव अधिक. दक्षिणेत हा शब्द मुलाच्या नावाआधी सहज जोडला जातो. बॅडमिंटनपटू साई प्रणीत, क्रिकेटपटू साई सुदर्शन, अभिनेत्री साई पल्लवी ही नावे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही परिचित आहेत. तेथे तो शब्द स्त्री-पुरुष भेदही मानीत नाही. आपल्याकडील ‘सई’ मात्र सर्वस्वी निराळी; ती सखी आहे, शिवछत्रपतींच्या राणीसाहेब सईबाईंच्या नावात ती आहे; पण रोमन लिपीत दोहोंचे स्पेलिंग एकच होत असल्यामुळे परप्रांतीय त्यांची गल्लत करतात. त्यात भर म्हणून भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतूनही ‘साई’च तयार होते, आणि साईच्या केंद्रात निवड झाली, हे वाक्य क्रीडापृष्ठावर नित्य छापले जाते. १९७७ साली एकाच वर्षात बाबांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट आणि ‘अमर अकबर अँथनी’ हे दोन्ही पडद्यावर आले, आणि जेथे मासिक पोहोचत नव्हते तेथे त्यांतले बाबांवरचे गाणे पोहोचले. रेल्वेच्या वेळापत्रकात आज स्थानकाचे नाव आहे साईनगर शिर्डी.

आता घाईविषयी. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरी या गावाचा बाबांचे जन्मस्थान म्हणून उल्लेख करून त्याच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, आणि १९ जानेवारीस शिर्डी बंद झाली. पाथरीच्या दाव्याला आधारच नाही असे मी म्हणत नाही. आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे असून बालपणी एका फकिराच्या हाती दिलो गेलो, असे बाबांनी म्हाळसापतींना सांगितल्याची नोंद नरसिंहस्वामींनी केलेली आहे. पण नांदेडचे अब्दुल, जे १८८९ पासून बाबांच्या सेवेत होते, त्यांनी बाबांची वचने उर्दूत टिपून ठेवलेली वहीही उपलब्ध आहे, आणि तिच्या आधारे मॅरियन वॉरन या संशोधिकेने १९९९ साली बाबांची बैठक सूफी होती असे प्रतिपादन केले. दोन्ही पुरावे आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या निकटवर्तीयांपासून आलेले आहेत. इकडे २०१४ साली द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईपूजेवर जाहीर आक्षेप घेतला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात वाराणसीच्या काही देवळांतून साईंच्या मूर्ती हलविण्यात आल्या. या घटनांतील माणसे परस्परांशी सहमत नाहीत, परंतु त्यांची मागणी एकच आहे: साक्षीच्या वेळी जो रकाना परवरदिगार या उत्तराने भरला गेला, तो आता त्यांना आपल्या हस्ताक्षरात भरावयाचा आहे.

इतिहाससंशोधकाने जन्मस्थानाचा शोध घ्यावा, त्यात काहीच गैर नाही; सत्याला भिऊन श्रद्धा टिकत नाही. परंतु संशोधन आणि फेरफाराची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. संशोधक पुराव्यांचे तारतम्य सांगतो आणि प्रश्न उघडा ठेवतो. फेरफाराची नोंद झाली की मागील धन्याचे नाव कमी होते. उद्या बाबांचे कूळ निर्विवाद सिद्ध झाले, तरी त्यांनी स्वतः ते साठ वर्षे उघडपणे सांगितले नाही, हे त्या सिद्धीहूनही मोठे ऐतिहासिक सत्य राहील, आणि त्या मौनाचा मान राखणे हे मला त्यांच्या चरित्राचे पहिले कलम वाटते.

दुसरा धोका मला याहून अधिक सलतो, कारण तो आपल्या नित्याच्या व्यवहारातला आहे. नगर-मनमाड रस्त्याने जाताना लॉज, ढाबे, टायरची दुकाने, मंगल कार्यालये, शिकवण्या आणि सावकारी पेढ्या यांच्या पाट्यांवर जे ‘साई’ दिसते, त्याला पुष्कळ अर्थ आहेत असे म्हणवत नाही. तेथे ते केवळ दुकानाच्या उंबऱ्यावर बांधलेल्या लिंबू-मिरचीसारखे टांगलेले असते. अनेक अर्थ वाहणारे नाव आणि अर्थ गळून गेलेले नाव यांत महदंतर आहे. ज्या नावात स्वामीही होता आणि विरक्त वाटसरूही होता, त्यातला वाटसरू या पाट्यांनी पुरता पुसून टाकला आहे. बाबा रोज गावातल्या ठराविक घरांपुढे उभे राहून भिक्षा मागत. मिळालेल्या दक्षिणेतून सायंकाळपर्यंत हाती काही उरू देत नसत. फाटकी कफनी आणि पत्र्याचे टमरेल एवढाच त्यांचा संसार होता. अशा माणसाच्या नावाने सुवर्णसिंहासन उभे राहावे आणि विमानतळापासून दर्शनरांगेपर्यंत सर्व काही दरपत्रकाने ठरावे, यात भक्तांची भावना खोटी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ‘साई’ या शब्दातला फकीर जर आपल्या मुलांना कोणी सांगितलाच नाही, तर त्यांच्यापुरता तो शब्द अर्धा होईल, आणि एकदा अर्धा झालेला शब्द पुन्हा पूर्ण होणे फार कठीण असते.

म्हणून माझे मागणे संस्थानाकडे आहे, कारण २००४ च्या कायद्यान्वये त्याचा कारभार शासनाच्या देखरेखीखाली, म्हणजे पर्यायाने आपणा सर्वांच्या वतीने चालतो. हेमाडपंतांचे सच्चरित घरोघरी पोहोचले आहेच. त्याच्या जोडीला नरसिंहस्वामींनी जमविलेल्या जबान्या, अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची शिर्डीच्या मुक्कामातील रोजनिशी, दासगणूंची कवने आणि अब्दुल यांची उर्दू वही, ही चार साधने कोणत्याही एका निष्कर्षाकडे न झुकविता, टीपांसह, एकाच मराठी ग्रंथमालेत आणावी, आणि ती देणगीदाखल नव्हे तर अल्प मूल्यात जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. रामनवमीच्या उत्सवात संदलीची मिरवणूक निघते, तिच्याविषयीही उत्सवाच्या पत्रिकेत चार ओळी अधिक छापाव्या, तिचा आरंभ कोणी केला हे सांगावे, म्हणजे दूरदेशाहून आलेल्या यात्रेकरूला त्या दिवसाची दोन्ही नावे कळतील. आणि वाचकांनो, तुमच्या घरी साई नावाचे मूल असेल, तर त्याला ते नाव कोणी, कोणत्या गावी आणि कोणाला दिले, हे एकदा सविस्तर सांगा. अर्थ कोणता धरावयाचा, हे त्याचे त्याला ठरवू द्या.